भेकर: भुंकणारं हरीण

वारूळवाडीहून मी पुन्हा हजर. आपल्याकडे बिबट्या म्हटलं की ऊस डोळ्यांसमोर येतो. पण डोंगरातल्या जंगलात बिबट्या आलाय हे ओरडून सांगणारं एक हरीण असतं. त्याचं नाव भेकर.

हे बघायचं तर आंबेगावच्या पश्चिमेला, भीमाशंकर अभयारण्यात जावं लागतं. १९८५ साली झालेलं हे अभयारण्य शेकरूसाठी प्रसिद्ध आहे. शेकरू वर फांद्यांवर, भेकर खाली दाट झाडीत.

दिसायला कसं? चितळासारखं ऐटदार नाही. उंची जेमतेम आपल्या गुडघ्याच्या थोडी वर, वजन साधारण २० ते २८ किलो, रंग तांबूस तपकिरी. कपाळावर इंग्रजी ‘व्ही’सारख्या दोन काळ्या रेषा. नराची शिंगं आखूड, केसाळ खुंटांवर उगवलेली. ती दरवर्षी गळतात आणि नवी येतात. शिवाय नराला वरच्या जबड्यात बाहेर डोकावणारे सुळे असतात. दोन नर भिडले की ते कामाला येतात.

आमच्या इंजिनिअर मंडळींसाठी एक गंमत. माणसात गुणसूत्रं ४६. भेकराच्या मादीत फक्त ६ आणि नरात ७! सस्तन प्राण्यांत याहून कमी कुणाची माहीत नाहीत. म्हणजे डेटा गायब झालाय असं नाही. छोट्या फाइल्स जोडून मोठ्या केल्यात, इतकंच.

आता सवयी. भेकर कळपात राहत नाही. एकटं किंवा फार तर जोडीनं फिरतं. कोवळा पाला, कोंब, पडलेली फळं खातं. एकट्याला राखण करायला दुसरं कुणी नाही, म्हणून सगळी भिस्त कान, नाक आणि आवाजावर. बिबट्याचा संशय आला की ते कुत्र्यासारखं भुंकतं, थांबून थांबून, कधी तासभरसुद्धा. बिबट्याची शिकार दबा धरण्यावर चालते. ‘तू दिसलास’ हे जाहीर झालं की त्याचा डाव बराचसा फसतो. माकडं आणि बाकीचे प्राणीही त्या आवाजानं सावध होतात.

म्हणून ट्रेकला जाताना ब्लूटूथ स्पीकर घरीच ठेवा. आपल्यासाठी ते गाणं असतं. भेकराला मात्र त्या गोंगाटात पाचोळ्यातलं पाऊल ऐकू येत नाही. आणि जंगलात भुंकणं ऐकू आलं, तर आवाजाच्या दिशेनं जाऊ नका. सगळे एकत्र थांबा. इअरफोन काढा, हा पॉडकास्टसुद्धा बंद करा. बाकीचं भेकर सांगेल.

भेटू पुढच्या भागात!