फेरिक क्लोराईड एका बोर्डानंतर फेकू नका

भंडारा म्हणजे पितळी भांड्यांचं गाव; तांब्याची किंमत आपल्याला कुणी शिकवायला नको. मग पीसीबी बनवताना द्रावण एकदाच वापरून का फेकायचं?

ट्रे कोमट पाण्यात ठेवून हलवत राहा, काम लवकर होतं. उरलेलं द्रावण घट्ट झाकणाच्या प्लास्टिक बाटलीत भरा; धातूचा डबा ते खाऊन टाकतं. प्रत्येक बोर्डाला लागलेली मिनिटं बाटलीवर लिहा. तेवढ्याच बोर्डाला दुप्पट वेळ लागला, की द्रावण थकलं समजा.

पण नालीत ओतू नका बरं का! त्यातलं तांबं वैनगंगेतल्या माशांना विष आहे. वेगळ्या कॅनमध्ये साठवून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या घातक कचरा केंद्रालाच द्या. हा खर्च बोर्डाच्या दरात आधीच धरा.