पेन्शन त्यांची, पण जागा आपल्या

मार्च २०२३ मध्ये राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा संप सुरू होता, तेव्हा कोल्हापुरात दोन तऱ्हेचे मोर्चे निघाले. एक 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणणाऱ्या शिक्षक-कर्मचाऱ्यांचा. दुसरा सुशिक्षित बेरोजगारांचा. यांना पेन्शन देऊ नका, आम्ही निम्म्या पगारावर काम करायला तयार आहोत, असं त्यांचं म्हणणं. आपल्या वस्त्यांतल्या बऱ्याच मुलांना दुसरा मोर्चा पटला होता. स्पर्धा परीक्षेचे फॉर्म भरून थकलेल्या पोराचा राग समजतो. पण तो चुकीच्या माणसावर निघाला, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी मागणी समजून घेऊ. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी नोकरीत आलेल्यांना १९८२ च्या नियमांप्रमाणे शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मं निवृत्तिवेतन आणि त्यावर महागाई भत्ता मिळतो. त्या तारखेपासून लागलेल्यांच्या पगारातून मात्र १० टक्के कापले जातात, सरकार आपला वाटा घालतं आणि ते पैसे बाजारात गुंतवले जातात. म्हातारपणी हातात काय येणार, हे बाजारावर. काम तेच, कार्यालय तेच. नोकरीत असताना कर्मचारी वारला तर घरच्यांना जुन्यासारखं कुटुंब निवृत्तिवेतनही नव्हतं. ते मिळालं संपानंतर, मार्च २०२३ अखेरच्या शासन निर्णयाने. २०२४ मध्ये निम्म्या पगाराएवढ्या पेन्शनची हमीही सरकारला मान्य करावी लागली. संघटना नसती तर यातलं काही झालं नसतं.

पण आपल्यासाठी महत्त्वाची मागणी दुसरीच होती आणि तिच्यावर चर्चा कमी झाली: रिक्त पदं भरा आणि कंत्राटींना कायम करा. म्हणजे मोर्चातल्या बेरोजगार मुलाची मागणी संपकऱ्यांच्या निवेदनात आधीच होती!

संप मिटून सहा महिनेही झाले नव्हते, तोच ६ सप्टेंबर २०२३ ला शासन निर्णय आला. शिपायापासून अभियंत्यापर्यंतची माणसं नऊ खासगी एजन्सींमार्फत घ्यायची. ओरड झाली, ऑक्टोबरमध्ये निर्णय रद्द झाला. निम्म्या पगारावर काम म्हणजे काय, ते त्या कागदात दिसलं होतं.

इथे आरक्षणाचा प्रश्न येतो. राज्याच्या सेवेत अनुसूचित जातींना १३ टक्के आरक्षण आहे आणि त्यात आपण नवबौद्धही येतो. ते मोजलं जातं मंजूर पदांवर, बिंदुनामावलीप्रमाणे. कुठला बिंदू कुठल्या प्रवर्गाचा, हे ठरलेलं असतं. एजन्सीने पाठवलेला माणूस त्या पदावर नेमलेला नसतो, त्यामुळे तो कुठल्याच बिंदूवर बसत नाही. आरक्षण कुणी काढून घेतलं नाही, पण ते लागू होण्याची जागाच उरली नाही. शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा हुकूमही रिकाम्या होणाऱ्या जागांबद्दलच होता: त्यांतल्या ५० टक्के मागासलेल्यांना द्याव्यात. झाडू, पहारा, शिपाई ही कामं सगळ्यात आधी ठेकेदाराकडे गेली. आपल्या कितीतरी घरांत पहिला कायमचा पगार नेमका याच कामांतून आला होता.

संघटनांना दोष नाही असं नाही. बहुतेक ठिकाणी नेतृत्व कायम कर्मचाऱ्यांकडे आहे. त्याच इमारतीत झाडणारी कंत्राटी बाई सभेला नसते. मी अशा बायकांबरोबर काम करते. ठेकेदार बदलला की त्यांची नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. दुसरीकडे आपल्या मागासवर्गीय कर्मचारी संघटना बढती आणि अनुशेषावर भांडतात, पण कंत्राटी माणूस तिथेही कमीच दिसतो.

गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नव्हते आणि त्यावर कामगार पुढारी गप्प होते, हे बाबासाहेबांनी वारंवार सुनावलं. तरीही संपावर बंधनं घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ ला ते कम्युनिस्टांसोबत संपात उतरले. आज तर सरकारी कर्मचाऱ्याला संपाचा मूलभूत हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच सांगितलंय.

तेव्हा पुढच्या वेळी संघटनेचं निवेदन पेन्शनच्या मुद्द्यावर न थांबता शेवटपर्यंत वाचा. आपल्या तालुक्यातल्या एखाद्या कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका: मंजूर पदं किती, भरलेली किती, एजन्सीमार्फत किती आणि बिंदुनामावली शेवटची कधी तपासली. उत्तराची एक प्रत कर्मचारी संघटनेलाही द्या.