अस्थिकर्करोगाचा प्रसार आणि दीर्घ असांकेतिक आर.एन.ए.

ऑस्टिओसार्कोमा हा बहुधा किशोरवयात गुडघ्यालगतच्या हाडांत उद्भवणारा कर्करोग. तो प्राणघातक ठरतो तो मुख्यतः फुप्फुसांत पसरल्यामुळे. या प्रसाराशी ‘मॅलॅट-१’ हा प्रथिन न घडविणारा दीर्घ आर.एन.ए. निगडित मानला जातो. प्रयोगशाळेत त्याचे प्रमाण घटविले असता अर्बुदपेशींची वाढ व आक्रमकता मंदावते. तो सूक्ष्म-आर.एन.ए.ना बांधून ठेवतो आणि त्यांनी दडपलेली जनुके मोकळी करतो, हे त्याचे रूढ स्पष्टीकरण होय. परंतु ‘मॅलॅट-१’ मुख्यतः केंद्रकात असतो, तर सूक्ष्म-आर.एन.ए.चे कार्य बहुतांशी पेशीद्रवात चालते. ही अडचण पुष्कळदा नजरेआड केली जाते. शिवाय २०१८ मधील एका संशोधनात स्तनाच्या कर्करोगात तोच प्रसारास आवर घालताना आढळला. तेव्हा अस्थिकर्करोगात त्याला औषधाने रोखणे हितावह ठरेल, असे इतक्यात म्हणता येत नाही.