कारखान्याचा वैल

आजीकडची मातीची चूल पाहिलीय का? पुढे भात रटरटत असतो आणि मागच्या वैलावर आमटी. वैलाला वेगळं लाकूड लागत नाही. चुलीतून निसटणारी धगच तिथे कामाला येते. आपल्या रायगडच्या किनाऱ्यावरही असेच मोठमोठे वैल आहेत.

१९७४ साली मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात ‘बॉम्बे हाय’ इथे तेल सापडलं. १९७६ पासून ते निघू लागलं. तेलाबरोबर गॅसही येतो. सुरुवातीला त्यातला बराचसा गॅस तिथेच जाळून टाकत, कारण तो आणून वापरायची पुरेशी सोय नव्हती. पुढे पाइपलाइनने तो उरणला येऊ लागला आणि वाया जाणारी ज्योत कामाला लागली.

उरणच्या वीजकेंद्रात या गॅसवर प्रत्येकी १०८ मेगावॅटची चार यंत्रं आहेत. अशा यंत्रातून बाहेर पडणारा वायू पाचशे अंशांच्या आसपास तापलेला असतो. तो तसाच न सोडता त्याच्यावर पाण्याची वाफ करतात. त्या वाफेवर १२० मेगावॅटची आणखी दोन यंत्रं चालतात. करा बरं बेरीज! ४३२ आणि २४०, म्हणजे ६७२. हा झाला उरणचा वैल.

अलिबागजवळ थळला खताचा कारखाना आहे. तिथे नैसर्गिक वायूपासून अमोनिया आणि अमोनियापासून युरिया बनतो. अमोनिया बनवताना भट्टी आठशे अंशांच्या आसपास तापते. तिची उरलेली उष्णता वाफ करायला वापरतात आणि ती वाफ मोठाले पंप, कॉम्प्रेसर फिरवते. शेवटी काही वायू उरतो, तोही भट्टीत इंधन म्हणून जाळता येतो. शिवाय बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड युरियासाठी लागतोच!

हे सगळं वर्गात शिकवलं त्याच आठवड्यात माझ्याकडून एक चूक झाली. शाळेची सफाई झाल्यावर मी प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा ढीग पेटवून दिला. चौथीतली एक मुलगी नाक दाबून म्हणाली, “बाई, हापण वैलच का?”

मी गप्पच झाले. प्लॅस्टिकही तेल-वायूपासूनच होतं, त्यामुळे त्यात उष्णता भरपूर असते. सिमेंटच्या भट्टीत, सुमारे १४५० अंशांवर, कोळशाऐवजी थोडं प्लॅस्टिक जाळतात. तिथे धुरावर लक्ष ठेवणारी यंत्रं असतात. अंगणातली आग मात्र मंद असते. तिच्यातून विषारी धूर निघतो आणि तो आपल्याच छातीत जातो. वर एक थेंब पाणीही तापत नाही!

आणखी एक लक्षात ठेवा. लाकडासाठी झाड पुन्हा लावता येतं. तेल आणि गॅस तयार व्हायला कोट्यवधी वर्षं लागतात. एकदा जाळले की संपले, आणि त्यांचा कार्बन हवेत राहतो. म्हणून आधी कमी वापरायचं, मग पुन्हा वापरायचं, आणि जाळणं अगदी शेवटी.

आता एक गृहपाठ. तुमच्या स्वयंपाकघरातली उष्णता कुठे कुठे वाया जाते, ते शोधा. डाळ शिजताना झाकण ठेवता ना? आईबाबांनाही विचारा. आणि पिशव्यांचा ढीग कुणी पेटवत असेल, तर त्या मुलीचा प्रश्न त्यांना जरूर विचारा.