लोणारचा रंग आणि पायथॉनचा डबा

जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. खाऱ्या पाण्यात वाढणारे ‘हॅलोआर्किया’ हे सूक्ष्मजीव त्याला कारणीभूत असल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणीतून दाखवले. हा बदल उपग्रहांनीही टिपला होता. लँडसॅटची छायाचित्रे २००८ पासून मोफत आहेत. त्यामुळे लोणारचा विद्यार्थीही सरोवराच्या रंगावर नजर ठेवू शकतो.

ही छायाचित्रे वाचायला पायथॉन भाषेतील ‘रास्टेरिओ’ उपयोगी पडते. पण तिचे खरे काम ‘जीडॅल’ ही सी++ भाषेतील लायब्ररी करते. लिनक्सचे प्रकार अनेक. एका संगणकावर तयार केलेली फाइल दुसऱ्यावर चालेलच असे नाही. मग सगळे स्वतः जुळवत बसावे लागे.

यावर २०१६ मध्ये ‘मेनीलिनक्स’ हा संकेत आला. लिनक्सची पायाभूत लायब्ररी ‘जीलिबसी’ जुन्यावर बांधलेले नव्यावर चालू देते, उलट मात्र नाही. म्हणून पॅकेज मुद्दाम जुन्या प्रणालीवर बांधतात. सुरुवातीला ती सेंटओएस ५ होती. बाकी लागणाऱ्या लायब्ररी ‘ऑडिटव्हील’ पॅकेजमध्येच भरते. जेवणाचा डबा आपला, पाणी यजमानाचे!

डबा शिळाही होतो. आतल्या लायब्ररीत सुरक्षेची त्रुटी निघाली, तर लिनक्स अद्ययावत करून ती जात नाही. पॅकेजचीच नवी आवृत्ती घ्यावी लागते. तेवढी काळजी घेतली, तर एका आज्ञेत साधने तयार होतात आणि वेळ सरोवरासाठी उरतो.