टाळकऱ्यांच्या रांगेतली जागा

संकटाने खचलेल्या माणसाला गाणे ऐकूनही बरे वाटते. पण चारचौघांत बसून गायल्या-वाजवल्याने मिळणारा आधार वेगळा असतो. ऐकणारा आला नाही तर कुणाच्या लक्षातही येत नाही. टाळकरी आला नाही तर दुसऱ्या दिवशी त्याची चौकशी होते. घर, माणसे किंवा पीक गेलेल्याला दिवसातली एक ठरलेली वेळ आणि इतरांमध्ये एक ठरलेले काम मिळणे, ही सामूहिक संगीताची मोठी देणगी आहे.

असा आधार कसा उभा राहतो, हे जळकोटच्या परिसरात दिसते. जळकोट हे धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर तालुक्यातले, सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचे गाव. हा सारा परिसर समूहाने गाणाऱ्यांचा आहे. तुळजाभवानीचे आराधी आणि गोंधळी, अणदूर-नळदुर्गच्या खंडोबाचे वाघ्या-मुरळी आणि गावोगावची भजनी मंडळे इथे पिढ्यान्‌पिढ्या गात आली. संत गोरोबाकाकांचे तेरही याच जिल्ह्यात. भजनाच्या तंद्रीत माती तुडवताना गोरोबांचे तान्हे मूल पायाखाली गेले, पुढे हातही गेले आणि नामदेवांच्या कीर्तनात दोन्ही परत मिळाले, अशी आख्यायिका आहे. मोडलेला माणूस कीर्तनाच्या मेळ्यात पुन्हा उभा राहतो, ही कल्पना या मुलखाला जुनीच आहे.

इथला सर्वांत मोठा अलीकडचा आघात म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून गावे उशिरा झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली आणि दगडमातीच्या जाड भिंती व माळवदाची वजनदार छते झोपलेल्यांवर कोसळली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात हजारो माणसे दगावली. वाचलेल्यांपैकी काहींची तपासणी करून मानसोपचारतज्ज्ञांनी १९९६ मध्ये प्राथमिक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात निम्म्याहून अधिकांमध्ये मानसिक आजार आढळले होते.

पुढे ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. घरे पक्की झाली, रस्ते सरळ झाले. पण गावठाण जुन्यापेक्षा कित्येक पट पसरले. भावकी, शेजार, देऊळ आणि पार हाकेच्या अंतरावर असण्याची सवय मोडली. अशा वेळी माणसांना एकत्र आणायला फार साधने लागत नाहीत, हा भजनाचा गुण मोलाचा ठरतो. टाळ, पखवाज आणि बसायला जागा असली की पत्र्याच्या शेडमध्येही हरिपाठ होतो.

भजनाची रचनाच नवख्याला सामावून घेणारी आहे. एकाने चरण म्हणायचा, बाकीच्यांनी तो उचलायचा. चाल सोपी, शब्द लहानपणापासून कानावरचे. आवाज चांगला नसला तरी टाळ धरता येतो. तोही जमला नाही तर टाळी वाजवता येते. बोलण्याची इच्छा उरलेली नसते, तेव्हाही मागून म्हणता येते आणि आपले दुःख कुणाला सांगावे लागत नाही.

अखंड हरिनाम सप्ताहात ही व्यवस्था गावभर पसरते. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी गाथाभजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि मग जागर. वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते. म्हणून पहारे वाटले जातात आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पंगतीही घरोघरी वाटलेल्या असतात. शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन होते, तोवर जवळपास प्रत्येक घराने काही ना काही पार पाडलेले असते. मदत घेणाऱ्यांच्या रांगेत उभे राहून थकलेल्या माणसाला इथे पुन्हा देणारा होता येते.

या अनुभवाला संशोधनाचीही साथ आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गायन, हस्तकला आणि लेखन यांच्या प्रौढवर्गांची सात महिने तुलना केली. अखेरीस तिन्ही वर्गांत सारखीच जवळीक निर्माण झाली. मात्र गायनाच्या वर्गात ती फार लवकर जमली. विस्थापितांच्या वस्तीत अनोळखी माणसे एका दिवसात शेजारी होतात, तिथे हा वेग महत्त्वाचा आहे. लंडनमधील २०१८ च्या अभ्यासात बाळंतपणानंतर नैराश्य आलेल्या १३४ मातांना तीन गटांत विभागले होते. ज्यांची लक्षणे मध्यम ते तीव्र होती, त्यांच्यापैकी समूहगायन करणाऱ्या माता नेहमीची देखभाल मिळणाऱ्यांपेक्षा लवकर सावरल्या.

धार्मिक चौकटीबाहेरचे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या आनंदवनातील ‘स्वरानंदवन’. बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांसाठी उभारलेल्या या वसाहतीत डॉ. विकास आमटे यांच्या कल्पनेतून हा वाद्यवृंद आकाराला आला. कुष्ठरोगातून बरे झालेले, अंध, मूकबधिर आणि अपंग कलावंत त्यात आहेत. ज्यांना समाजाने गावाबाहेर काढले, त्यांचे कार्यक्रम पाहायला गावोगावचे लोक येऊन बसतात. कलावंताला काम मिळते आणि प्रेक्षकाची नजरही बदलते.

या उपायाला मर्यादा आहेत. भजनाने कर्ज फिटत नाही, पडलेले घर उभे राहत नाही. तीव्र नैराश्यात किंवा आत्महत्येचे विचार येत असताना डॉक्टर आणि समुपदेशकच हवेत; त्यासाठी १४४१६ ही ‘टेलि-मानस’ची शासकीय मदतवाहिनी आहे. दुःख ताजे असताना गायची बळजबरी केली तर माणूस आणखी मिटतो. शिवाय मंडळ कोणाला आत घेते, हाही प्रश्न आहे. जात, धर्म किंवा वैधव्य आड आले, तर ज्याला आधाराची सर्वाधिक गरज तोच बाहेर राहतो. महिलांच्या भजनी मंडळांनी हे दार काही प्रमाणात रुंद केले आहे.

म्हणून असा गट सुरू करताना गळ्याची परीक्षा घेऊ नये. वेळ ठरलेली असावी, चाल सोपी असावी, न गाणाऱ्यालाही काम असावे आणि दोन दिवस न दिसलेल्याच्या घरी कुणीतरी जाऊन यावे.