सरगॅसम : नावात बरेच काही आहे!

कॅरिबियन बेटांच्या किनाऱ्यांवर २०११ पासून जवळजवळ दरवर्षी तपकिरी शैवालाचे प्रचंड ढीग वाहून येत आहेत. कुजताना त्यांतून हायड्रोजन सल्फाइड वायू बाहेर पडतो, किनाऱ्यालगतच्या पाण्यातील प्राणवायू घटतो आणि पर्यटन व मासेमारी या दोन्ही व्यवसायांना फटका बसतो. हे शैवाल येते कुठून, याचा शोध घेताना शास्त्रज्ञांना त्याच्या शरीररचनेचा मोठा आधार मिळाला. या शैवालाची प्रजाती म्हणजे सरगॅसम.

वनस्पतीचा केवळ आभास

सरगॅसमला खोड, फांद्या आणि पाने असल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात या अवयवांत खऱ्या वनस्पतींप्रमाणे पाणी व अन्न वाहून नेणाऱ्या नलिका नसतात. मुळांच्या जागी खडकाला चिकटून राहणारी तबकडी असते. ती केवळ आधार देते, पोषण नव्हे. पोषकद्रव्ये शैवालाच्या सर्वांगातून शोषली जातात. पानांच्या बगलेत वाटाण्यासारखे वायूने भरलेले फुगे असतात. त्यांच्यामुळे फांद्या सूर्यप्रकाशाच्या दिशेने ताठ उभ्या राहतात. प्रजननपेशी विशिष्ट जननशाखांवरील सूक्ष्म पोकळ्यांत तयार होतात. तपकिरी रंग फ्युकोझँथिन या रंगद्रव्याचा. वर्गीकरणाच्या दृष्टीने ही शैवाले हिरव्या वनस्पतींपेक्षा डायाटम या सूक्ष्मजीवांना अधिक जवळची आहेत.

वर्गीकरणाचा गुंता

स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल आगार्ध यांनी १८२० मध्ये सरगॅसम ही स्वतंत्र प्रजाती मांडली. तिचा समावेश फ्युकेलीस गणात आणि सरगॅसेसी कुलात होतो. तिच्यात तीनशेहून अधिक जाती मानल्या जातात. सिनेरियम, टेनेरिमम आणि इलिसिफोलियम या जाती कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावरही आढळतात.

कार्ल यांचे पुत्र जेकब आगार्ध यांनी १८८९ मध्ये या प्रजातीचे पाच गट पाडले. पानांची ठेवण, फांद्यांची रचना आणि जननशाखांचा आकार हे त्यांचे निकष होते. मात्र लाटांचा मारा, ऋतू आणि वय यांनुसार एकाच जातीची पाने रुंद वा अरुंद होऊ शकतात. त्यामुळे एकाच जातीला अनेक नावे पडली. अलीकडच्या डीएनए अभ्यासाने हे चित्र बरेच बदलले. जुन्या पाचांपैकी एक गट वेगळी प्रजाती ठरला, तर जपानी आहारातील 'हिजिकी' हे कधीकाळी स्वतंत्र प्रजाती मानले गेलेले शैवाल सरगॅसममध्येच असल्याचे स्पष्ट झाले.

तरंगणाऱ्या तीन रूपांची कथा

बहुतेक जाती खडकाला धरून वाढतात. नॅटन्स आणि फ्लुइटन्स या दोन जाती मात्र आयुष्यभर खुल्या समुद्रात तरंगतात. त्यांना तबकडी नसते आणि लैंगिक प्रजननही आढळत नाही. तुकडे होऊन त्या वाढतात. अटलांटिकमधील सरगॅसो समुद्राला या शैवालामुळेच नाव मिळाले. अल्बर्ट पार यांनी १९३९ मध्ये या जातींच्या निरनिराळ्या रूपांना क्रमांक दिले. 'नॅटन्स-१' ची पाने अरुंद आणि फुग्यांच्या टोकाला काटा असतो. 'नॅटन्स-८' ची पाने रुंद असून फुग्यांवर काटा क्वचितच दिसतो. 'फ्लुइटन्स-३' च्या खोडावरच काटे असतात.

हा फरक किरकोळ वाटेल. पण कॅरिबियन परिसरात २०१४-१५ मध्ये गोळा केलेल्या नमुन्यांत पूर्वी दुर्मिळ असलेले 'नॅटन्स-८' हेच रूप बहुसंख्य निघाले. शैवालाचा लोंढा सरगॅसो समुद्रातून नव्हे, तर उष्ण कटिबंधीय अटलांटिकमधून येत असल्याचा तो महत्त्वाचा पुरावा ठरला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उपग्रह-अभ्यासात पश्चिम आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत पसरलेला पट्टा स्पष्ट दिसला. जून २०१८ मध्ये त्याची लांबी ८,८५० किलोमीटर, तर वजन दोन कोटी टनांहून अधिक होते.

उपग्रह शैवालाचा विस्तार दाखवतो. त्यात कोणते रूप किती आहे, हे ठरवण्यासाठी आजही ते पाण्यातून काढून पाने, फुगे आणि काटे तपासावे लागतात.